कैद म्हंजे कैद

कुलूप लावलं की तो ते ओढून पाहायचा. मग चार पावलं जायचा, थांबायचा, मान वळवून कुलपाकडे संशयाने बघायचा आणि परत येऊन पुन्हा ओढायचा. खात्री पटली की कमरेच्या किल्ल्यांवर थाप मारून म्हणायचा, "कैद म्हंजे कैद." कोणी ऐकायला असलं तर मोठ्याने, नसलं तर स्वतःशीच.

मला तो माणूस कधी आवडला नाही. मेल्यावर आवडायला लागावा असंही त्याने काही केलं नाही. पण इतक्या वर्षांनी अजूनही कुठे साखळीचा आवाज झाला की पहिला तोच डोळ्यांपुढे येतो, याला काय करणार. नाव सांगत नाही. नावाने त्याला कोणी हाक मारलीही नाही, कारण त्याने ती मारू दिली नाही. "मले हवालदार म्हना," असं आल्या दिवशीच सांगून तो मोकळा झाला. हवालदार तो कधीच नव्हता. अमरावतीच्या तुरुंगात पाणी भरायचा, आणि तिथून कोणाच्या तरी वशिल्याने आमच्या अकोल्याच्या कोंडवाड्यावर रखवालदार म्हणून लागला. आम्हाला काय, म्हणा म्हटलं, म्हटलं.

ते कापसाचे दिवस होते. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली, तिकडचा कापूस येईना, आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. ज्याने त्याने कापूस पेरला. ज्वारीच्या वावरात कापूस, गायरानात कापूस, बांधाच्या धुऱ्यावर कापूस. लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवायला लागले आणि त्याच बैलाला चरायला वीतभर जागा ठेवली नाही. जनावराने दावं तोडलं की ते कोणाच्या तरी कापसातच जायचं. मग वावरवाला शिव्या देत त्याला हाकलून कोंडवाड्यात आणायचा, आणि धनी कचेरीत दंड भरून सुटकेची चिठ्ठी आणेपर्यंत ते तिथेच राहायचं. जिथे पूर्वी एखादी भाकड गाय रवंथ करत पडलेली असायची, तिथे आता जनावरांना वळायला जागा उरली नव्हती. कापसाने त्या वर्षांत पुष्कळांना मोठं केलं, त्यात हाही एक.

कोंडवाडा जुन्या शहराच्या टोकाला, मोर्णा नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर होता. चहूबाजूंनी मातीच्या भिंती आणि एक लाकडी फाटक. फाटकाच्या एका बाजूला साखळी आणि हे मोठं पितळी कुलूप, ते त्याने अमरावतीच्या बाजारातून स्वतः निवडून आणलं होतं. दुसऱ्या बाजूने फाटक चामड्याच्या वाद्यांनी खांबाला बांधलेलं होतं. त्या वाद्या आमच्याच जुन्या मोटेच्या. फुकट मिळतात म्हणून मागून नेल्या होत्या. कोंडवाड्याच्या मागच्या भिंतीला लागून त्याचं घर, आणि वाटेच्या अलीकडे आमची बागाईत. आम्ही माळी. वांगी, चवळी, मेथी आणि सांबार लावायचो. सांबार म्हणजे पुण्याचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात ते. त्यामुळे दिवसभर वाफ्यात वाकलेलं असताना, मान वर केली की समोर हा. पाहायचं नसलं तरी दिसायचा.

कैद हा शब्द आमच्या आळीत त्यानेच आणला. त्याआधी आम्ही जनावर बांधायचो, गोठ्यात कोंडायचो, फार तर अडकवून ठेवायचो. कैद म्हणजे दरोडेखोराला व्हायची ती, तीही दूर अमरावतीला. याने मात्र शेळीलाही कैद केली. कोंबडी घरात शिरली तर पाटीखाली कैद. गूळ डब्यात कैद. आमच्याकडची वांगी घेऊन जायचा तेव्हा पंच्याची गाठ मारताना सुद्धा हळूच म्हणायचा, "झाली कैद." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही हसलो. त्याला वाटलं आम्हाला तो शब्द फार आवडला.

एक म्हैस आणली होती कोणीतरी. तिचं रेडकू, आमच्याकडे त्याला वगारू म्हणतात, मागे मागे आलं आणि फाटकाबाहेर राहिलं. आत माय ओरडते, बाहेर वगारू ओरडतं. दुपारभर हे चाललं. आम्हाला वाफ्यात उभं राहवेना. मी जाऊन म्हटलं, "हवालदार, घडीभर पाजू द्या त्याले."

"कैद मायले झाली," तो म्हणाला. "पिलाले नाई झाली. ते मोकळं हाये, त्यानं कुठीबी जावं."

"कुठी जाईल ते? त्याची माय तं आत हाये."

"तो सवाल माह्याकडे नाई."

आणि संध्याकाळी पितळी तांब्या घेऊन आत गेला, म्हशीचं दूध काढलं आणि घरी नेलं. वगारू तोवर भिंतीला अंग टेकून बसलं होतं. या माणसाबद्दल मी जे बोलतो ते कोणाला कडू वाटलं, तर त्याने हे वगारू डोळ्यांपुढे आणावं.

कैद्याला पाहुणचार नसतो, हे त्याचं दुसरं वाक्य. त्यामुळे चारा नावापुरता आणि पाणी त्याच्या मर्जीने. पण एकदा साहेबाचा घोडा खुंटा उपटून पळाला. कोणा भोळ्याने धरून त्याला कोंडवाड्यात आणलं. घोडा कोणाचा हे कळताच आमच्या हवालदाराचं तोंड पाहण्यासारखं झालं. फाटक उघडून स्वतः बाजूला झाला. घोड्याला गूळ चारला, स्वतःच्या धोतराने त्याची पाठ पुसली. वर जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होता, "कैदी नाई हा. पाहुना हाये." घोडा न्यायला मोतद्दार आला तेव्हा हा त्याच्यापुढे वाकला, आणि घोड्यापुढेही थोडा वाकला, असं माझ्या बायकोने पाहिलं. ती खोटं बोलत नाही.

आता सगुणेबद्दल सांगतो. सगुणा म्हणजे त्याची बायको. दर्यापूरकडची, चांगल्या शेतकऱ्याच्या घरची. लग्न करून आणली त्या दिवशी ती आम्हाला दिसली, आणि मग दिसली ती खिडकीच्या गजांतून. हा बाबा सकाळी घराबाहेर पडला की घराला बाहेरून कुलूप लावायचा. ओढून पाहायचा, चार पावलं जायचा, परत यायचा, पुन्हा ओढायचा. मग फाटकाकडे जायचा.

मी विचारलं होतं. का विचारू नये? समोरच राहत होतो. "काहून कोंडता हो तिले?"

"बजार पाहिला काय तुमी?" तो म्हणाला. "कापसाच्या पायी कुठचे कुठचे लोक येऊन राहिले. गाडीवान, दलाल, मारवाडी, मुंबईवाले. बाईमानसाचं काय खरं हाये?"

"तिनं काय केलं?"

"काई नाई केलं. केल्यावर कोंडून काय फायदा?"

त्याला वाटायचं हे बोलणं फार शहाणपणाचं आहे. मला वाटायचं, याच्या तोंडात माती घालावी.

माझ्या बायकोचं आणि सगुणेचं मात्र त्या गजांतूनच जमलं. ही भाजीची टोपली घेऊन खिडकीशी जायची, ती आतून बोलायची. सगुणा रडवी नव्हती, हे लक्षात घ्या. नवऱ्याची नक्कल इतकी हुबेहूब करायची की माझी बायको टोपली खाली ठेवून हसायची. भात उतू गेला की म्हणायची, "वयनी, हा कैदी पळाला." बसल्या जागी गप्पा मारता मारता एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायची. मोर्णेला पाणी किती आलं? तिने नदी लग्नाच्या दिवशी बैलगाडीतून पाहिली होती, तेवढीच.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचा भाऊ न्यायला आला. अखजीला सासुरवाशीण माहेरी जाते, तिथे झोका खेळते, वर्षभराचं बोलून घेते. आमच्याकडे याला कोणी नाही म्हणत नाही. भाऊ दारात उभा, गाडीत तिच्यासाठी गादी घातलेली. हवालदार ओट्यावर बसून त्याला म्हणतो, "कैदेतला मानूस चिठ्ठीबिगर सुटत नाई, पाव्हने." आणि हसला. दुसरं कोणी हसलं नाही. भाऊ बिचारा सरळ माणूस. त्याला वाटलं थट्टा आहे, आता कुलूप निघेल. तो उन्हं कलेपर्यंत बसून राहिला. मग खिडकीतून बहिणीच्या हातावर मायने दिलेलं लुगडं ठेवलं आणि रिकामी गाडी घेऊन गेला. पुढच्या अखजीला परत आला आणि परत तसाच गेला. त्यानंतर यायचा राहिला.

दिवसभर ती आत काय करायची? तर जनावरांशी बोलायची. तिच्या घराची मागची भिंत आणि कोंडवाड्याची भिंत एकच. तिच्यात धूर जायला एक झरोका होता. त्यातून ती आपल्या वाटची भाकरी, भाजीचे देठ, कधी घागरीतलं पाणी पलीकडे द्यायची. जनावरं तिचा आवाज ओळखायला लागली. झरोका लहान होता, हात जेमतेम जायचा. तो मोठा होत होता हे मला माहीत नव्हतं. माझ्या बायकोला माहीत होतं, कारण मेथीच्या जुडीत खुरपं घालून तिनेच ते खिडकीतून आत दिलं होतं. सगुणा रोज थोडी माती उकरायची आणि भोकापुढे गोवऱ्यांची रास रचून ठेवायची. हवालदार त्या राशीकडे पाहून खूश. म्हणायचा, "बाई कामाची हाये."

मग तो पोळा आला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आमचा हरण्या दावं तोडून पळाला. आमच्या जोडीतला डावा बैल. आयुष्यभर मोट ओढलेला, खांद्याला घट्टे पडलेला. तो शेजारच्या कापसात शिरला आणि वावराच्या गड्याने त्याला धरून कोंडवाड्यात घातलं. वावराच्या मालकाला हे कळलं तेव्हा दिवस कलला होता, तरी तो स्वतः धावत आला. म्हणाला, "हवालदार, उद्या पोळा हाये. माही काई तक्रार नाई. सोडा त्याले."

"तुमची तक्रार नसन," हा म्हणाला, "पन कैद तं झाली ना. आता कचेरीची चिठ्ठी पाहिजे. आज कचेरी सुटली, उद्या पोळ्याची बंद. पोळा झाल्यावर या."

ज्यांच्या घरी बैल नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बैलाचे खांदे मळतो. हळद आणि लोणी घेऊन, पळसाच्या पानाने, जिथे वर्षभर जू बसलं तिथे चोळतो. आणि मग बैलाला माणसासारखं आमंत्रण देतो. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हे आवतन एकदा दिलं की दिलं. दुसऱ्या दिवशी बैलाला अंघोळ घालून, सजवून, तोरणाखाली उभं करून, घरी आणून पुरणपोळी खाऊ घालेपर्यंत घरातलं कोणी तोंडात घास घेत नाही. आवतन देऊन पाहुण्याला उपाशी ठेवणं यासारखं पाप नाही. आणि आवतनच न देणं, तर त्याला आमच्यात नावच नाही, कारण तसं कोणी करतच नाही.

संध्याकाळी मी हळद-लोण्याची वाटी घेऊन फाटकाशी गेलो. म्हटलं, "हवालदार, बैल नोका सोडू. मले घडीभर आत जाऊ द्या. खांदा मळतो, आवतन देतो अन् येतो."

"कैद्याची भेट बंद."

"अहो, पोळा हाये."

"तुरुंगात दिवाळी असली तरी कैद म्हंजे कैद. मी पाहेल हाये."

मी मोठा माणूस, नातवंडं असलेला, पण त्याच्यापुढे हात जोडले. त्याने कुलूप ओढून पाहिलं. मी भिंतीबाहेर उभा राहून मोठ्याने म्हणालो, "हरण्या, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आतून काही आवाज आला नाही. हवालदाराला मात्र हे फार गमतीचं वाटलं. "भिंतीले आवतन देऊन राह्यले काय, माळीबावा?" म्हणाला. मी वाटी घेऊन घरी आलो आणि ओट्यावर बसून राहिलो. राग आला होता, त्याहून जास्त रडू येत होतं, हे सांगायला मला लाज नाही.

माझ्या बायकोने ती वाटी उचलली. हवालदार पाटलाकडे तोरणाची तयारी पाहायला गेला होता. तिने खिडकीच्या गजांतून वाटी आत दिली. सगुणेने गोवऱ्या बाजूला केल्या, भोकातून हरण्याला हाक मारली, आणि तो आला. हात खांद्यापर्यंत बाहेर काढून तिने त्याचा खांदा मळला. आवतनही तिनेच दिलं. मग खिडकीशी येऊन हळदीचे हात दाखवत म्हणाली, "वयनी, आवतन मी देल्लं. आता त्याच्या जेवनाची जिम्मेदारी माही."

माझ्या बायकोला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली.

पोळ्याच्या दिवशी गावातले सगळे बैल तोरणाखाली उभे होते. झुली, घुंगरमाळा, शेंब्या. कापसाच्या पैशाचा तो सगळा झगमगाट. मी जोडीतला उजवा बैल, शिंगऱ्या, तेवढा घेऊन उभा होतो आणि माझ्या डाव्या हाताला जागा मोकळी होती. ती मोकळी जागा सगळ्यांना दिसत होती आणि कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. हवालदार लाल पागोटं घालून पाटलाच्या शेजारी काठी टेकून उभा. घराला कुलूप, फाटकाला कुलूप, कमरेला किल्ल्या. त्याच्याइतका निर्धास्त माणूस त्या दिवशी गावात दुसरा नसेल.

आधी आवाज आला खुरांचा. मग नदीच्या वाटेने जनावरं दिसली. गाई, वासरं, एक लंगडी म्हैस, कोंडवाडा सगळाच्या सगळा. पुढे हरण्या. खांद्यावर हळद तशीच. आणि सगळ्यांच्या मागे सगुणा, रोजच्या लुगड्यात, पदर खोचलेला, कोपरापर्यंत मातीने भरलेली, बोटं सोललेली, हातात घरातली विळी.

वाजंत्री बंद झाली. ती थेट माझ्यापाशी आली. हरण्याला माझ्या डाव्या हाताला उभं केलं आणि म्हणाली, "भाऊ, तुमचा पाहुना आनला."

हवालदाराच्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो काय निघावा? बायको अशी भर गावात कशी आली, हे नाही. तिच्या हाताला रक्त कशाचं, हे नाही. तो म्हणाला, "कुलूप कोनं खोललं?"

"कोनंच नाई," सगुणा म्हणाली. "दोनी कुलपं लागली हायेत. जाऊन पाहा."

आणि तो खरंच गेला. काठी टाकून, पागोटं सावरत, कुलपं पाहायला धावला. आम्ही काही जण मागे गेलो. घराला कुलूप होतं. मागच्या भिंतीला माणूस निघेल एवढं भोक. फाटकाचं कुलूपही साखळीत जसंच्या तसं. फक्त दुसऱ्या बाजूच्या आमच्या मोटेच्या वाद्या विळीने कापलेल्या, आणि फाटक कुलपालाच लोंबकळत होतं. इतकी वर्षं हा माणूस रोज कुलूप ओढून पाहत आला. फाटकाच्या दुसऱ्या बाजूकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. त्या दिवशीही त्याने कुलूपच ओढून पाहिलं. मी पाहिलं ते. लोंबकळत्या फाटकाचं कुलूप त्याने ओढून पाहिलं, ते पक्कं होतं, आणि तो आमच्याकडे वळून म्हणाला, "लागलं तं हाये."

परत तोरणाशी येऊन त्याने जनावरं मागितली. पाटील म्हणाला, "पोळ्याच्या दिवशी तोरनाखालच्या बैलाले कोन काठी लावन? पुढे पाहू." पुढे काही पाहायची वेळ आली नाही. ज्याचं जनावर तो घेऊन गेला.

सगुणा आमच्याकडे आली. तिने हरण्याला पुरणपोळी स्वतःच्या हाताने चारली आणि मग आम्ही जेवलो. दिवेलागणीला हवालदार आमच्या अंगणात आला. मला वाटलं शिव्या देईल, हात उगारेल. माझी बायको उलथणं घेऊन दारात उभीच होती. पण तो बाहेरूनच म्हणाला, "चाल. कुलूप लावाचं हाये."

बस, एवढंच. चल घरी, असं नाही. जेवली का, असं नाही.

सगुणा आतून म्हणाली, "लावा ना. कोनं अडवलं?"

त्याने कमरेच्या किल्ल्या चाचपल्या. मग गेला. साखळीचा आवाज आम्हाला इथपर्यंत आला. दुसऱ्या दिवशी कर होती, करीच्या दिवशी लेकीबाळींना कोणी वाटेला लावत नाही. पण मी गाडी जुंपली आणि तिला दर्यापूरला भावाच्या दारात सोडून आलो. मोर्णा ओलांडताना तिने गाडी थांबवायला लावली. खाली उतरून पाण्यात उभी राहिली. मी घाई केली नाही.

नंतर हवालदाराला तिच्या भावाचा निरोप आला होता की मानाने न्यायला या, पाठवतो. आम्हीही त्याला म्हटलं, जाऊन या, दोन शब्द बोला. तो म्हणाला, "सरकारी कामातून सुट्टी नाई." असा मूर्ख. काम तरी कुठे उरलं होतं? तिकडची लढाई थांबली, कापसाचा भाव बसला, वावरं पडीत राहिली आणि त्यांच्यात गवत वाढलं. जनावरांना हवं तेवढं चरायला मिळालं. कोंडवाडा ओस पडला. हा रोज सकाळी रिकाम्या घराला कुलूप लावायचा, ओढून पाहायचा, चार पावलं जाऊन परत यायचा. मग रिकाम्या कोंडवाड्याच्या फाटकाशी बसायचा. फाटकाला नव्या वाद्या लावल्या होत्या. घराच्या भिंतीचं भोक मात्र त्याने बुजवलं नाही. पावसाने ते आणखी मोठं झालं, तरी नाही. मी म्हणायचो, आळशी आहे. माझी बायको म्हणायची, तसं नसेल. यावरून आमचं भांडण व्हायचं.

एका हिवाळ्यात त्याच्या घरातून धूर निघेना. आम्ही गेलो. दाराला बाहेरून कुलूप. म्हटलं, गेला असेल कुठे. माझी बायको नुसत्या लोटलेल्या फाटकातून कोंडवाड्यात जाऊन, मागून फिरून आली आणि म्हणाली, तो आत आहे. भोकातून दिसत होता, भिंतीशी घोंगडीवर पडलेला, थंडगार. लोक जमले. कुलूप बाहेरून, किल्ली मेलेल्याच्या कमरेला, कोणी म्हणालं भुताटकी आहे. भुताटकी कसली. दाराला बाहेरून कुलूप लावायचं, ओढून पाहायचं, मग कोंडवाड्यातून वळसा घालून भोकातून आत शिरायचं आणि भिंतीशी बसून राहायचं. घोंगडीखालची जमीन बसून बसून चकचकीत झाली होती. किती दिवसांपासून चाललं होतं हे कोणाला माहीत. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना कोंडलं तो स्वतःला कोंडून घेऊन मेला. मला त्याची कीव आली, हे खरं. आणि कीव आली म्हणून त्याचा रागही आला.

दर्यापूरला निरोप गेला. सगुणा भावाबरोबर आली, तोवर सगळं उरकलं होतं. मी तिला जे होतं ते सांगितलं. ती दारात गेली नाही. मागे कोंडवाड्यात जाऊन भोकाशी उभी राहिली. आपण उकरलेल्या मातीच्या कडेवर हात ठेवून आत पाहत राहिली.

"बुजवलं नाई त्यानं?"

"नाई."

"काहून?"

माझी बायको म्हणाली, "तू त्याच वाटेनं येशील म्हनून ठेवलं असन, बाई."

सगुणेने भोकाच्या कडेची माती मुठीत चुरली. मग तिचा आवाज चढला, आणि मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं.

"मंग आवतन द्याले काय झालं होतं त्याले?" ती म्हणाली. "बैलालेबी देतेत."

घरातलं तिने काही घेतलं नाही. जाताना आमच्या गोठ्यात आली. हरण्या म्हातारा झाला होता, उठत नव्हता. तिने त्याच्या खांद्यावरून हात फिरवला आणि भावाच्या गाडीत जाऊन बसली.